केबलवाल्याची लाइन क्लिअर होती

पुण्यातल्या आमच्या बिल्डिंगचं टेरेसचं वॉटरप्रूफिंग सोसायटीने उन्हाळ्यात करायचं सोडून भर पावसात काढलं आणि डोक्यावर दिवसभर ठोकाठोकी सुरू झाली, म्हणून मी लॅपटॉप उचलला आणि दीड महिना साताऱ्याला आईबाबांकडे जाऊन बसलो. तिथे फायबर आहे, केबलवाल्याकडूनच घेतलेलं, स्पीड पुण्यापेक्षा बरा म्हणावा असा. पहिले चार दिवस एकदम मस्त गेले. पाचव्या दिवशी ऑफिसचा गिट सर्व्हर, म्हणजे आमचा कोड जिथे ठेवलेला असतो ते मशीन, मिळेना. का मिळेना ते लिनक्सच्या "आयपी मॉनिटर" नावाच्या कमांडने मला कसं दाखवलं, त्याची ही गोष्ट.

आता "मिळेना" म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण सगळी भानगड तिथेच आहे. नेट चालू, यूट्यूब चालू, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायचा बोगदा) जोडलेलं, व्हीपीएनमधून ऑफिसचा विकी उघडतोय, बिल्ड सर्व्हर उघडतोय, फक्त गिट सर्व्हर आणि त्याच्या आजूबाजूच्या दोनतीन मशीन मिळत नाहीत. आणि हे रोज नाही. सोमवारी सकाळपासून बंद, संध्याकाळी आपोआप चालू. मंगळवारी दिवसभर चालू. बुधवारी परत बंद. ऑफिसमध्ये विचारलं तर बाकी कुणालाच प्रॉब्लेम नाही, "तुझ्या घरचं नेट बघ" असं उत्तर आलं, जे मीसुद्धा दुसऱ्या कुणाला दिलं असतं. एकाने रीस्टार्ट करून बघ म्हणून सांगितलं, तेही केलं, काही फरक नाही.

मी काही नेटवर्कवाला माणूस नाही. बॅकएंडचं काम करतो, सर्व्हर सांभाळतो, नेटवर्क तेवढ्यापुरतं येतं. पण अर्धवट ज्ञान असलं की माणूस थिअरी फार छान मांडतो. माझी थिअरी होती एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्याची. व्हीपीएन वायरगार्डचं, त्याचा एमटीयू १४२०, खाली केबलवाल्याची लाइन पीपीपीओई नावाच्या पद्धतीवर म्हणजे १४९२, मधे कुठेतरी मोठं पॅकेट अडकत असणार. गिट म्हणजे मोठी पॅकेट, विकी म्हणजे छोटी, बसलं ना गणित? (नाही बसत. "आहेस का" एवढंच विचारणारा पिंगसुद्धा जात नव्हता, आणि पिंगचं पॅकेट केवढंसं असतं. पण तेव्हा हे डोक्यात आलं नाही.) त्यात एका संध्याकाळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाऊन बघितलं तर गिट सुरू! झालं, केबलवालाच दोषी.

आईने त्याला फोन करून टाकला. पोरगा पावसात स्कूटीवर आला, रेनकोट दारात काढला, डब्याची वायर काढून त्याचं ते मीटर लावलं आणि म्हणाला, "दादा, लाइन क्लिअर हाय, मायनस एकवीस दाखवतंय." मायनस एकवीस डीबीएम म्हणजे खरंच चांगला सिग्नल, एवढं मला माहीत होतं, तरी मी तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा कनेक्टर नवीन मारून दिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आईने त्याला चहा आणि भडंग दिलं आणि तो जाता जाता मला म्हणाला, "तुमच्या हापिसातच काहीतरी आसंल बघा." मी मनात म्हटलं, याला काय कळतंय.

या सगळ्यात माझी पद्धत काय होती, तर बंद पडलं की "आयपी अ‍ॅडर" मारायचं, "आयपी रूट" मारायचं (पहिली मशीनचे पत्ते दाखवते, दुसरी रूट, म्हणजे कुठलं पॅकेट कुठल्या वाटेने जाणार ते), आउटपुट बघायचं, सगळं ठीकच वाटायचं. (कमांड टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या, इथे मी उच्चार लिहितोय.) माझ्या लॅपटॉपवर डॉकर आहे (डेटाबेस वगैरे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या खोक्यांत चालवणारं सॉफ्टवेअर), व्हीपीएन आहे, वायफाय आहे, तर रूट टेबलमध्ये आठदहा ओळी कायमच असतात. त्या आठदहा ओळींमध्ये एक ओळ काल नव्हती आणि आज आहे हे नुसत्या डोळ्याला कसं दिसणार? घरात रोजच्या पसाऱ्यात एक जास्तीची पिशवी आली तर कळतं का आपल्याला? ती पिशवी कोणी दारातून आणताना बघितलं असतं तर कळलं असतं.

मग "वॉच" लावून बघितलं. "वॉच हायफन डी आयपी रूट", म्हणजे दर दोन सेकंदांनी तीच कमांड आणि जे बदललं ते उलट्या रंगात. हे बरं आहे पण त्याच्याकडे टक लावून बसावं लागतं, मी चहाला उठलो आणि बदल झाला तर पुढच्या दोन सेकंदांत तो रंग गेलेला असतो, आणि दोन सेकंदांच्या आत येऊन गेलेला बदल तर त्याला दिसतच नाही. आणि मागचं काहीच राहत नाही. मला पाहिजे होतं ते असं, की कधी काय बदललं त्याची यादी, वेळेसकट.

तर ती कमांड आहे "आयपी मॉनिटर". लाज वाटायची गोष्ट अशी की मी आयपी ही कमांड दहा वर्षं वापरतोय आणि तिच्यात मॉनिटर आहे हे मला त्या आठवड्यात कळलं. इफकॉन्फिग आणि रूट या जुन्या कमांड सोडून आपण सगळे आयपीकडे आलो ते नुसतं नवीन आहे म्हणून, पण आयपीरूट२ नावाचं हे जे पॅकेज आहे, अलेक्सी कुझनेत्सोव यांनी लिहायला घेतलेलं, त्याची खरी मजा अशी की ते कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, नेटलिंकवरून बोलतं. नेटलिंक म्हणजे कर्नल आणि बाहेरचे प्रोग्रॅम यांच्यातला एक सॉकेट, बोलायची खिडकी म्हणा, २००३ मध्ये त्याच्यावर आरएफसी ३५४९ पण आलाय (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले कागद). आणि त्या सॉकेटवर नुसतं विचारलं की उत्तर मिळतं एवढंच नाही, कर्नल स्वतःहून ओरडून सांगतो. गावात दवंडी पिटायचे ना तसं. ऐका हो ऐका, वायफायचा इंटरफेस उठला. ऐका हो ऐका, अमुक पत्ता आला, अमुक रूट गेला. ऐकायला रूट यूजर, म्हणजे मशीनचा मालक यूजर (वाट या अर्थाचा रूट वेगळा), असावं लागत नाही, साधा यूजर चालतो. मात्र दवंडीच्या वेळी तुम्ही चावडीवर नसाल तर गेली ती दवंडी, कर्नल परत सांगत नाही. म्हणून ती चालू ठेवून बसायचं.

तर मी नुसतं "आयपी मॉनिटर" मारलं आणि पाच मिनिटांत वैतागलो. स्क्रीन भरून वाहायला लागली, आणि त्यातलं नव्वद टक्के शेजाऱ्यांचं. खरंच शेजाऱ्यांचं, त्या टेबलचं नावच नेबर आहे, आपल्या लॅनवरच्या, म्हणजे घरच्याच नेटवर्कवरच्या, मशीनचे मॅक पत्ते (हार्डवेअरचे पत्ते) त्यात असतात. बाबांचा फोन रीचेबल झाला, मग स्टेल झाला, मग परत प्रोब, परत रीचेबल. हे बिघाड नाहीत, ते तसंच चालतं, कर्नल साधारण पंधरा ते पंचेचाळीस सेकंदांपुरताच शेजाऱ्यावर विश्वास ठेवतो आणि मग परत खात्री करायला लागतो. यात कामाची गोष्ट एकच, तुमचा गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, घरी म्हणजे राउटर) "फेल्ड" झाला तर तेवढं बघायचं. बाकी शेजाऱ्यांच्या भानगडीत पडू नये.

मग थोडं मॅन पेज, म्हणजे कमांडची माहिती, वाचून जे जमलं ते असं: "आयपी हायफन टीएस मॉनिटर लेबल लिंक अ‍ॅड्रेस रूट". यात टीएस म्हणजे प्रत्येक ओळीच्या आधी वेळ येते, हे सगळ्यात महत्त्वाचं, हे नसेल तर बाकीचं लोणचं घालायच्या लायकीचं. लेबल टाकलं की ओळीच्या सुरुवातीला कंसात लिंक, अ‍ॅडर, रूट असं काय बदललंय त्याचा प्रकार येतो. आणि लिंक, अ‍ॅड्रेस, रूट हे तीनच ऐकायचेत असं सांगितलं की शेजारी गप्प. एखादी गोष्ट काढून टाकली गेली तर ओळीत "डिलीटेड" येतं, बाकी जे दिसतं ते नवीन आलेलं किंवा बदललेलं. याला पुढे ग्रेप (हव्या तेवढ्याच ओळी गाळून देणारी कमांड) लावणार असाल तर ग्रेपला लाइन बफर्डचा ऑप्शन द्या आणि मग फाइलमध्ये टाका, नाहीतर ग्रेप सगळं पोटात धरून बसतो आणि तुम्ही म्हणता काहीच होत नाहीये. माझा एक तास यात गेलाय.

रात्री लावून झोपलो. सकाळी बघतो तर दर अर्ध्या तासाला एक ओळ, अ‍ॅडर म्हणून, वायफायचा तोच तो पत्ता. सापडला! म्हटलं, केबलवाल्याचा राउटर दर अर्ध्या तासाला पत्ता बदलतोय, म्हणूनच व्हीपीएन गंडतंय. आईला सांगितलंसुद्धा, की परत बोलव त्याला. नशीब, तिने लगेच फोन लावला नाही. चहा पिताना नीट बघितलं, तर पत्ता तोच होता, ओळीच्या शेवटी जी "व्हॅलिड एलएफटी" असते, म्हणजे हा पत्ता अजून किती सेकंद वापरायचा, तेवढी फक्त परत ३६०० झालेली. डीएचसीपीचं, म्हणजे राउटरकडून पत्ता भाड्याने घ्यायच्या पद्धतीचं, भाडं एक तासाचं आणि निम्मा वेळ झाला की क्लायंट मुदत वाढवून घेतो, हा नियम १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्येच लिहून ठेवलाय. म्हणजे दर अर्ध्या तासाला भाडेकरार रिन्यू होत होता, घर कुणी सोडलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय कारण मॉनिटर लावल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येकाला असा चोर सापडतोच, आणि तो चोर नसतो.

खरा चोर त्याच सकाळी सापडला, नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी. मी काम सुरू करताना एका प्रोजेक्टचे टेस्ट चालवतो, त्याला डेटाबेस वगैरे लागतो म्हणून "डॉकर कंपोज अप" करतो. ते केलं आणि बाजूच्या टर्मिनलमध्ये धडाधड ओळी पडल्या. आधी लिंक, बीआर हायफन आणि पुढे बारा अक्षरांचं गिचमिड नाव असलेला नवीन ब्रिज (कंटेनर एकमेकांना जोडायचा लॅपटॉपमधलाच खोटा स्विच). मग अ‍ॅडर, त्या ब्रिजला पत्ता १७२.१८.०.१/१६. मग रूट, १७२.१८.०.०/१६, डेव्ह तोच ब्रिज, प्रोटो कर्नल, स्कोप लिंक. मग व्हीइथची, म्हणजे खोट्या केबलच्या दोन टोकांची, जोडी एकेका कंटेनरसाठी. मी ते नुसतं गंमत म्हणून बघत होतो, की एवढं सगळं होतं काय एका कमांडमध्ये. आणि मग १७२.१८ कडे बघत बसलो. आमचा गिट सर्व्हर १७२.१८ मध्ये आहे.

च्यायला.

समजायला वेळ लागला नाही. व्हीपीएन १७२.१६.०.०/१२ एवढा अख्खा पट्टा ऑफिसकडे पाठवतं, म्हणजे १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत सगळं. पण कर्नलचा रूट निवडायचा नियम साधा आहे, दोन रूट लागू पडत असतील तर जास्त नेमका असेल तो जिंकतो. /१२ पेक्षा /१६ नेमका, स्लॅशपुढचा आकडा जेवढा मोठा तेवढा पट्टा छोटा. म्हणजे माझं १७२.१८ चं प्रत्येक पॅकेट ऑफिसला जायच्या ऐवजी माझ्याच लॅपटॉपमधल्या एका खोट्या ब्रिजवर जाऊन "गिट सर्व्हर आहे का कुणी घरात" असं विचारत होतं, आणि घरात पोस्टग्रेस आणि रेडिस हे टेस्टचे डेटाबेस सोडून कुणी नव्हतं. विकी आणि बिल्ड सर्व्हर दुसऱ्या रेंजमध्ये, म्हणून ते चालू.

मग अधूनमधून का? हे मला सगळ्यात आवडलेलं आहे. डॉकर नवीन नेटवर्क बनवताना त्याच्याकडच्या ठरलेल्या रेंजमधली एक उचलतो, १७२.१७ पहिल्याच ब्रिजला गेलेली असते म्हणून पुढची १७२.१८, मग १७२.१९, असं ३१ पर्यंत, आणि नंतर १९२.१६८ मधले /२० चे तुकडे. पण उचलण्याआधी तो मशीनवर आधीपासून असलेल्या रूटशी टक्कर होते का बघतो. वायरगार्डने १७२.१६/१२ चा रूट आधीच टाकलेला असेल तर तो सगळा १७२ चा पट्टा सोडतो आणि थेट १९२.१६८ ला जातो. तिथेही पहिला तुकडा घरच्या वायफायशी भिडतो म्हणून १९२.१६८.१६.०/२० उचलतो. म्हणजे ज्या दिवशी मी आधी व्हीपीएन जोडलं आणि मग टेस्ट चालवले त्या दिवशी सगळं चालू. ज्या दिवशी चहाच्या नादात आधी टेस्ट चालवले आणि मग व्हीपीएन जोडलं त्या दिवशी गिट बंद. संध्याकाळी "कंपोज डाउन" केलं की ब्रिज जातो, रूट जातो, आणि गिट "आपोआप" चालू. हॉटस्पॉटची टेस्ट मी संध्याकाळी केली होती. आणि लॅपटॉप रीस्टार्ट करून उपयोग नव्हता कारण नेटवर्क काढलं नसेल तर डॉकर सुरू होताना तोच ब्रिज त्याच पत्त्याने परत उभा करतो. पुण्यात हे कधी झालं नाही, कारण तिथे लॅपटॉप उघडला की आधी व्हीपीएन जोडायची सवय होती. साताऱ्यात आईचा चहा आधी.

चूक डॉकरची नाही, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलेलं आहे आणि मी वाचलं नव्हतं. चूक व्हीपीएनचीही नाही. आणि खरं सांगायचं तर मॉनिटरशिवायही हे सापडलं असतं, कारण पहिल्या दिवसापासून पिंग मला सांगत होता, "फ्रॉम १७२.१८.०.१ डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल". ते १७२.१८.०.१ म्हणजे मीच! माझाच लॅपटॉप मला सांगत होता की मला कुणी सापडत नाही. मी फक्त अनरीचेबल वाचलं आणि फ्रॉम वाचलंच नाही. आणि "आयपी रूट गेट" नावाची कमांड आहे, तिच्यापुढे गिट सर्व्हरचा पत्ता लिहिला की कर्नल सांगतो पॅकेट कुठून जाणार, डेव्हच्या पुढे वायरगार्डच्या जागी बीआर हायफन दिसलं असतं आणि विषय दोन मिनिटांत संपला असता. पण तिथे बघायचं हे सुचायला आधी संशय यायला लागतो आणि माझा सगळा संशय स्कूटीवरून येणाऱ्या त्या पोरावर.

उपाय म्हणाल तर डॉकरच्या डीमन डॉट जेसन फाइलमध्ये "डिफॉल्ट अ‍ॅड्रेस पूल्स" म्हणून सेटिंग असतं, तिथे ऑफिसमध्ये न वापरलेली एक रेंज दिली, मी १०.२००.०.०/१६ दिली आणि साइज २४, म्हणजे प्रत्येक नेटवर्कला छोटासा तुकडा. एका कंपोजला पासष्ट हजार पत्ते कशाला पाहिजेत तसेही. सेटिंग बदलून डॉकर रीस्टार्ट करा, पण आधीची नेटवर्क जुन्याच पत्त्यावर राहतात, ती एकदा डाउन करून अप करावी लागतात. आणि हो, नुसतं "कंपोज स्टॉप" केलं तर कंटेनर थांबतात पण ब्रिज आणि रूट राहतो, रूटच्या ओळीत फक्त "लिंकडाउन" येतं, आणि लिंकडाउन असला तरी कर्नल नेहमीच्या सेटिंगमध्ये तोच रूट वापरतो. मेलेला पहारेकरी पण गेट अडवून बसलेला.

तेव्हापासून मी ही कमांड कायमची चालू ठेवलीय. सिस्टमडीची (लिनक्सवर मागे चालणारे प्रोग्रॅम सांभाळणारा) एक छोटी यूजर सर्व्हिस केली, तिच्यात तीच एक ओळ, आउटपुट आपोआप त्याच्या जर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या नोंदवहीत, जातं, जुनं झालं की जर्नल आपलं आपण कापतो. यासाठीच बनवलेला आरटीमॉन नावाचा प्रोग्रॅमसुद्धा त्याच पॅकेजमध्ये येतो, तो फाइलमध्ये कच्चा माल साठवतो आणि नंतर "आयपी मॉनिटर फाइल" देऊन ती फाइल वाचता येते. त्याची चांगली गोष्ट म्हणजे सुरुवातीला तो आहे त्या स्थितीचा एक फोटो काढून ठेवतो आणि मग बदल लिहितो. सर्व्हरसाठी ते बरं, बूट होताना नेटवर्क लागायच्या आधीच सुरू करायचं. मला लॅपटॉपवर जर्नल पुरतं, कारण एकाच वेळेला बाकी कोण काय बोलत होतं ते शेजारीच दिसतं.

आणि ते फार गरजेचं आहे, कारण आयपी मॉनिटरची मोठी उणीव ही की तो काय झालं ते सांगतो, कोणी केलं ते सांगत नाही. दवंडीवाला सांगतो पाटलांची विहीर आटली, कोणी उपसली ते त्याला विचारू नका. रूटच्या ओळीत "प्रोटो" नावाचा एक धागा मिळतो: कर्नल असेल तर पत्ता लावल्यामुळे आपोआप आलेला, डीएचसीपी असेल तर डीएचसीपी क्लायंटने टाकलेला, आरए असेल तर आयपीव्ही६ च्या राउटरने जाहीर केलेला, स्टॅटिक असेल तर कुणीतरी विचार करून लिहिलेला, आणि काहीच नसेल तर बहुतेक कुणीतरी हाताने किंवा स्क्रिप्टमधून "आयपी रूट अ‍ॅड" मारलेलं. त्यापुढचं शोधायला वेळ जुळवायची. नऊ अठ्ठावीसला रूट आला तर नऊ अठ्ठावीसला नेटवर्कमॅनेजर काय लिहितोय, डॉकर काय लिहितोय, मी कुठली कमांड मारली. माझ्या केसमध्ये गुन्हेगार की-बोर्डसमोरच बसलेला होता.

आणखी एक, डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं, यात दिसत नाही. हे मी एका मित्राच्या मशीनवर शिकलो. पत्ता तोच, रूट तोच, मॉनिटर गप्प, आणि नावं उघडत नाहीत. कारण नावं कुणाला विचारायची ते लिहिलेली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही साधी फाइल आहे, कर्नलला तिच्याशी देणंघेणं नाही, त्यामुळे नेटलिंकवर तिची दवंडी नाही. तिच्यासाठी आयनोटिफायवेट (फाइल बदलली की सांगणारी कमांड) लावायचा, आणि तो फाइलवर न लावता इटीसी फोल्डरवर लावायचा, कारण बरेच प्रोग्रॅम ती फाइल बदलत नाहीत तर नवीन फाइल बनवून तिच्या जागी आणून ठेवतात आणि तुम्ही जुन्या फाइलवर पहारा देत बसता. सिस्टमडी रिझॉल्व्हड असेल तर फाइलमध्ये कायम १२७.०.०.५३ च दिसणार, खरं काय ते "रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस"ला विचारावं लागतं. फायरवॉलचे बदल पण इथे नाहीत, त्याला "एनएफटी मॉनिटर" वेगळा आहे. वायफाय का तुटलं, कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटवरून कुठे उडी मारली हे पाहिजे असेल तर "आयडब्ल्यू इव्हेंट", त्यालाही हायफन टी देऊन वेळ घ्या. कंटेनरच्या आत काय चाललंय तेही बाहेरून दिसत नाही, कारण त्याचं नेटवर्क नेमस्पेस वेगळं.

मॅकवाल्यांसाठी (मॅक पत्ते नाहीत, अ‍ॅपलचा मॅक) एवढंच, माझ्या मामेभावाकडे मॅक आहे आणि त्याला मी हे दाखवायला गेलो तर आयपी कमांडच नाही. तिथे "रूट हायफन एन मॉनिटर" आहे, ही बीएसडी नावाच्या जुन्या युनिक्सची परंपरा, १९९० च्या आसपास बीएसडीमध्ये रूटिंग सॉकेट आला तेव्हापासूनची. आउटपुट दिसायला ओबडधोबड आहे पण काम होतं. आणि "एससीयूटिल" म्हणून एक आहे, त्याच्यात शिरून एन डॉट अ‍ॅडने कुठली की बघायची ते सांगायचं आणि एन डॉट वॉच म्हणायचं, मग ती की बदलली की तो सांगतो. आणि "एससीयूटिल"ला डीएनएस विचारलं की तेही दाखवतो, एवढ्या बाबतीत मॅक पुढे आहे हे मान्य करतो, मामेभावाला सांगू नका.

एक गोष्ट राहिली. नेट अधूनमधून खरंच पण जायचं, म्हणजे गिटचं सोडून, अख्खं नेट, दोनतीन मिनिटं. त्यामुळेच तर केबलवाल्यावर संशय आधीपासून होता. सर्व्हिस लावून दोन आठवडे झाल्यावर मी त्या ओळी काढल्या, लिंक, वायफायचा इंटरफेस, नो कॅरिअर, म्हणजे जोडणीच तुटलेली. दोन आठवड्यांत नऊ वेळा. वेळा एका कागदावर लिहून घेतल्या आणि स्वयंपाकघरात गेलो, कारण बाबांना सवय आहे, दूध, गॅस सिलिंडर, पेपरवाला आणि लाइट किती वाजता गेली हे सगळं कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरात पेन्सिलने लिहायची. गेली कित्येक वर्षं लिहितात, कशाला ते त्यांनाही माहीत नसावं. नऊच्या नऊ जुळल्या. काही एका मिनिटाने पुढेमागे, पण ते घड्याळाचं. लाइट जायची, पंखा आणि ट्यूब इन्व्हर्टरवर चालू राहायची, लॅपटॉप बॅटरीवर, म्हणून मला कळायचं नाही, आणि राउटरचा प्लग होता टीव्हीच्या मागच्या सॉकेटमध्ये, जो इन्व्हर्टरवर नाही. बाबा म्हणाले, "मग मला विचारायचंस ना." राउटर बाजूच्या सॉकेटमध्ये लावला. त्याला लागलेली मेहनत: टीव्हीचं कपाट सरकवणं.

गणपतीला परत साताऱ्याला गेलो होतो. केबलवाला पोरगा वर्गणीचं पुस्तक घेऊन आला, त्यांच्या मंडळाचं काम तोच बघतो. आईने आत बोलावलं, मोदक दिला. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, कनेक्टर बदलल्यापासून बरं चाललंय ना आता?"

आई म्हणाली, "एकदम. त्यानंतर एकदापण गेलं नाही बघ."

मी पाकिटातून दोनशेच्या जागी पाचशेची नोट काढली.